जाड्याला शोध

भोपळ्याने आजही पाण्याला तोंड लावलं नाही. डॉक्टरबाईंनी वाटी पुढे सरकवली तर त्याने मान फिरवली, रुसलेल्या जावयासारखी.

"पंजे बरे आहेत," त्या म्हणाल्या. "डोळे स्वच्छ आहेत. ताप नाही."

"मग?" मामांनी विचारलं.

मग काय, ते दोघांनाही माहीत होतं.

मामा म्हणजे भोपळ्याचे मालक, मास्तर आणि बाप, सगळं एकच. पिल्लू असताना तो गोल गरगरीत होता म्हणून हे नाव. आता बरगड्या दिसत होत्या. भूकंपानंतर दोघं इथे आले ते ढिगाऱ्याखालची माणसं शोधायला. माणूस जिवंत असला की भोपळ्या भुंकायचा. नसला की तिथेच गप्प बसून राहायचा. सुरुवातीला तो घसा बसेपर्यंत भुंकला. त्यानंतर नुसता बसत गेला. इथे बस, तिथे बस. कालपासून तर ढिगाऱ्यावर पाय ठेवायला तयार नव्हता.

डॉक्टरबाई जनावरांच्या डॉक्टर. आपला दवाखाना बंद ठेवून, कोणी न बोलावता, शोधाच्या कुत्र्यांसाठी आल्या होत्या. पण शाळेच्या ज्या वर्गात त्यांनी टेबल मांडलं तिथे पहिल्याच दिवशी कामगारांची रांग लागली. आम्हालाही बघा बाई, आम्ही तरी कुठे माणसांत राहिलोय, असं डंपरवाला जाड्या म्हणाला होता. त्याच्या तळहातातली काच काढताना बाईंनी बजावलं, दुखलं तर चावायचं नाही. तेव्हापासून पाठ, गुडघे, खोकला, सगळं त्यांच्याकडेच यायचं. स्वतःची पाठ दाखवायला त्यांना कोणी नव्हतं.

बाकीची कुत्री दमून परत गेली होती. भोपळ्या शेवटचा. शोधकामाच्या साहेबांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. कुत्रा काम करणार असेल तर कोपऱ्यातल्या पडलेल्या इमारतीत हाताने शोध चालू ठेवू. नसेल तर दुपारी मोठी मशिनं घालायची. मशीन घातलं की खाली कोणी असलं काय नि नसलं काय. कुत्रा काम करेल की नाही, ते बाईंनी सांगायचं होतं.

"त्याला वाटतंय त्याचंच चुकतंय," मामा म्हणाले. "गेल्या काही दिवसांत एवढ्या लोकांना शोधलं, एकजण उठून बसला नाही."

बाईंना एकच उपाय माहीत होता. अशा कुत्र्याला एखादा जिवंत माणूस सापडू द्यायचा. मुद्दाम लपवलेला का असेना.

जाड्या लगेच तयार झाला. अंघोळ नसल्यामुळे सगळ्यात सोपा आपणच, असं त्याचं म्हणणं. अट एकच होती. कुठे लपणार ते कोणालाच सांगायचं नाही, कारण मामांना कळलं की त्यांच्या तोंडाकडे बघून कुत्र्यालाही कळतं. कोपऱ्यातल्या इमारतीत सापडेल त्या फटीत शिरायचं आणि हाक मारेपर्यंत पडून राहायचं.

"झोप लागली तर?" जाड्याने विचारलं.

"लागू दे. घोरू नकोस."

तो गेला. दोघं शाळेच्या पायरीवर ढिगाऱ्याकडे पाठ करून बसले, भोपळ्या मध्ये. बाईंच्या नवऱ्याचा फोन आला, कधी येतेस. आज कळेल, म्हणून त्यांनी ठेवला. मामांनी बिस्किटाचा पुडा फोडला आणि तसाच खिशात ठेवला.

"तुम्ही त्याला नापास केलंत तर मी काही बोलणार नाही," ते म्हणाले.

"मामा, त्याला जमलं नाही तर मी जमतंय म्हणून सांगणार नाही."

"नकाच सांगू."

बराच वेळ जाऊ दिला. मग मामा उठले, भोपळ्याला ढिगाऱ्यापाशी नेलं आणि पट्टा सोडला. "शोध."

भोपळ्या उभाच राहिला. मामांनी परत सांगितलं. तो एक पाऊल चढला, मागे वळून बघितलं, मग अजून एक. जिन्याच्या तुकड्यापाशी थांबला, हुंगलं. बाईंना वाटलं, बसतोय. बसला की संपलं. त्यांनी नजर खाली घातली.

तो बसला नाही. जिना सोडून पलीकडे गेला, जिथे सगळे मजले एकावर एक पडून चपटे झाले होते. एका फटीत नाक घातलं, काढलं, परत घातलं. शेपटी हलली.

आणि भोपळ्या भुंकला. बसक्या आवाजात, खोकल्यासारखा. मग थांबेचना.

मामा धावले, पडले, गुडघा फुटला, तसेच वर गेले आणि कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून बसले. बाई मागून पोचल्या. त्यांना आधी हसू आलं, मग दुसरंच काहीतरी व्हायला लागलं म्हणून त्यांनी ओढणीने तोंड पुसलं. सगळ्या बिस्किटांचा चुरा झाला होता. मामांनी तो भोपळ्यापुढे धरला, पण तो फट सोडेना.

खालून टकटक ऐकू आली. जरा थांबून परत टकटक.

"नाटकी कुठला," मामा डोळे पुसत म्हणाले. "बस झालं रे, ये बाहेर."

कोणी आलं नाही. एवढं पोट घेऊन शिरला, आता निघेल कसा, असं मामा म्हणाले. अडकला असेल तर अडकू दे थोडा वेळ, असं म्हणत बाईंनी साहेबांना फोन लावला. कुत्रा पास आहे, मशिनं घालू नका. पलीकडून 'बरं' असं उत्तर आलं. किती दिवसांत त्यांनी कोणाला चांगली बातमी दिली नव्हती.

फोन ठेवेपर्यंत मागून विटा घसरल्याचा आवाज आला.

"रागावू नका बाई," धापा टाकत वर चढत जाड्या म्हणाला. "मुकादमाने वाटेतच गाठून डंपर हलवायला लावला. कुत्र्याला जरा धरा, आत्ता जाऊन लपतो."