पुढच्या अंकात

अण्णांनी भेटीवरचा कागद फाडला आणि ऋजुता दचकली. वडिलांच्या वाढदिवसाला तिने त्यांच्या लाडक्या कॉमिक्समधल्या, ढगांतून झेपावणाऱ्या सुपरहिरोचं चित्र फ्रेम करून आणलं होतं. पण जन्मभर देवांच्या आणि गेलेल्या माणसांच्याच तसबिरी बांधणाऱ्या फ्रेमवाल्याने सवयीने ह्यालाही चंदनाचा हार घालूनच कागदात बांधून दिला होता.

आणि हार म्हटलं की अण्णांचं बिनसायचं. आईच्या फोटोला त्यांनी वर्षश्राद्धालाही हार घालू दिला नव्हता.

"चुकून झालं हो, अण्णा. काढते मी," ती घाईघाईने पुढे झाली.

अण्णा मात्र खदखदून हसले. "अगं, ह्याला कसला हार? हा दरवेळी मरतो आणि पुढच्या अंकात परत येतो!"

हसता हसता त्यांची नजर भिंतीकडे वळली. मग हार त्यांनी हळूच उतरवला, आईच्या फोटोपाशी गेले, सदऱ्याच्या बाहीने काच पुसली आणि तो तिला घातला.

"ह्याला तिच्या शेजारीच लाव गं," ते पाठमोरेच म्हणाले. "उंचावर तिला भीती वाटायची."