अकरा जणांचा सत्कार

“मग ठरलं तर,” नव्या मुख्याध्यापिका म्हणाल्या. “शनिवारच्या मेळाव्यात माजी विद्यार्थी संघाच्या कमिटीचा, तुम्हा अकराही जणांचा, सत्कार. प्रत्येकाचं नाव, तुकडी आणि शाळा सोडल्याचं वर्ष मी स्वतः स्टेजवरून वाचणार. चूक नको, म्हणून ऑफिसच्या बाई जुन्या रजिस्टरांतून सगळं ताडून बघतील.”

संघाचे सेक्रेटरी चहा पीत होते. कप त्यांनी अर्ध्यावरच खाली ठेवला.

पेशाने ते प्लंबर. पण शाळेत सगळे त्यांना सेक्रेटरीच म्हणत, आणि ते काही उगाच नाही. एकोणीस वर्षांत त्यांनी एकही रविवार घरी काढला नव्हता. गळके नळ, डुगडुगणारी बाकं, प्रयोगशाळेतलं तुंबलेलं बेसिन, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. कोणता मुलगा आठवडाभर आलेला नाही, कुणाला फळ्यावरचं दिसत नाही पण तो घरी सांगत नाही, याचीही त्यांना खबर असे.

बाकीचे दहा जणही एकापेक्षा एक. अध्यक्षांचं चष्म्याचं दुकान होतं. दर वर्षी ते ओळीने सगळ्या वर्गांचे डोळे तपासत. बेकरीवाल्या ताई परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठून शाळेपुरती बिस्किटं भाजून आणत. टेलरमास्तर नाटकाचे कपडे शिवत आणि तालमीत मुलांच्या आधी स्वतःच रडत. अशी माणसं दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाहीत.

तसे मेळाव्याला तीनशे माजी विद्यार्थी येत. गळ्यात पडत, फोटो काढत, शाळेसाठी जीव देऊ म्हणत. सोमवारी एकाचाही फोन लागत नसे. उरत ते हे अकरा.

“रजिस्टरं कशाला काढता, मॅडम?” अध्यक्ष म्हणाले. “धुळीने बाईंना उगाच खोकला व्हायचा.”

“आणि वाळवीने काही ठेवलंय की नाही, देव जाणे,” ताई म्हणाल्या.

“मुळात सत्कारच कशाला?” टेलरमास्तर म्हणाले. “आपलीच शाळा, आपलंच काम.”

केवढा हा विनय, सेक्रेटरींना वाटलं. सोन्यासारखी माणसं ही. आणि त्यांच्यात आपण एकटेच खोटं नाणं.

कारण सेक्रेटरी या शाळेत कधी शिकलेच नव्हते.

एकोणीस वर्षांपूर्वी, मेळाव्याच्याच दिवशी, ते गच्चीवरची पाण्याची टाकी दुरुस्त करायला आले होते. हात पुसत खाली उतरले, तर एका गृहस्थाने त्यांना कडकडून मिठी मारली. “अरे, तू! ओळखलंस का?” आता मेळाव्यात कुणाला न ओळखणं म्हणजे त्याचा अपमान. समोरच्याने ओळख दाखवली की आपणही दाखवायची, हा तिथला अलिखित नियम. सेक्रेटरींनी तो पाळला. तेवढ्यात आणखी चौघे आले आणि त्या चौघांनाही ते आठवले. एकाला तर त्यांनी फोडलेली काचसुद्धा आठवली.

“क तुकडी ना?” कुणीतरी विचारलं.

चौथीत शाळा सुटलेल्या, भलत्याच गावच्या त्या माणसाने मान डोलावली. फोटोत त्यांना मधोमध उभं केलं गेलं. उभ्या जन्मात त्यांना कुणी असं आपलं म्हटलं नव्हतं. पुढच्या रविवारी ते हत्यारांची पिशवी घेऊन आपण होऊन आले.

“आलं ना अंगाशी?” घरी बायको म्हणाली. “पोरांना तिसऱ्या बाकावरच्या गोष्टी रंगवून सांगत होतात!”

“तो बाक मीच दुरुस्त केलाय गं.”

“दुरुस्त केला म्हणून पास होत नाही कुणी.” मग तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि आवाज उतरवला. “अहो, स्टेजवर शोभा होण्यापेक्षा आधीच जाऊन सांगा. फार तर काय, काढून टाकतील.”

तेच तर नको होतं. शोभेचं त्यांना एवढं काही नव्हतं. पण रविवारी सकाळी फाटकातून आत शिरलं की मैदानावर खेळणारी पोरं “सेक्रेटरीदादा आले” म्हणून ओरडत धावत येत. ते एकदा गेलं की आठवड्यात उरणार काय? रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

शुक्रवारी दुपारी ते ऑफिसात गेले. टेबलावर रजिस्टरांचा गठ्ठा होता, पण त्याची दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. वेळेत आलो म्हणायचं, असं त्यांच्या मनात आलं.

“बाई, जरा खासगी बोलायचं होतं.”

“दार लोटून घ्या,” ऑफिसच्या बाई म्हणाल्या.

सेक्रेटरींनी सगळं सांगितलं. टाकी, मिठी, क तुकडी, काहीही हातचं राखलं नाही. बोलता बोलता त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. शेवटी खिशातून कागद काढला.

“हा राजीनामा. एकच मागणं आहे, बाई. बाकीच्या दहा जणांना यातलं काही कळू देऊ नका. फार मोठी माणसं आहेत ती. त्यांच्या पंगतीला बसायची माझी लायकी नव्हती, तरी इतकी वर्षं बसलो.”

बाईंना नवल वाटल्याचं दिसलं नाही. त्यांनी ड्रॉवर उघडला. आत घडी घातलेल्या कागदांची चळत होती, आठ-नऊ तरी असतील. सगळ्यात वरचा, बेकरीच्या पाठकोऱ्या बिलावर लिहिलेला, अर्धवट उलगडला होता. ‘मी या शाळेत कधीच’ एवढंच सेक्रेटरींना वाचता आलं. बाईंनी त्यांचा कागद त्यावर ठेवला.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. दार किलकिलं करून अध्यक्षांनी डोकं आत घातलं. दाराआडच्या सेक्रेटरींकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

“बाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “जरा खासगी बोलायचं होतं.”