हाताने बांधलेली शिदोरी

"उतरलास का रे बारक्या?" मामाने वॉकीटॉकीत विचारलं.

"उतरलो, बाबा. तिघंही उतरलो. गाळ पार घोट्याच्या वर आलाय." खालून आवाज घुमत आला. "दुपार होईल बहुतेक."

पाणीपुरवठा केंद्राची ही जमिनीखालची टाकी अधूनमधून रिकामी करून धुवावी लागे. बारक्या मामाचा मुलगा. तिशी उलटलेला, खांबासारखा दणकट, पण एकदा बारक्या म्हटलं की जन्मभर बारक्याच. मामा नियंत्रण कक्षाचा प्रमुख, आणि त्याच्या शेजारी बसलेली भाची तिथली प्रोग्रामर. टाकीत पाणी सोडणारी दारं तिच्या प्रोग्रामवर चालत.

"झालं ना खाली सुरू? आता माझं बघ," मामा म्हणाला. "दार उघडलं की पडद्यावर मराठी अक्षरांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं. उघडलं म्हणायचं की मोडलं? मी काय ज्योतिषी आहे?"

"आज जातील ती. तेच तर केलंय सकाळपासून. एक सराव घेऊन बघू या."

"आत्ता? पोरं खाली आहेत."

"सरावात दार हलतं का कधी, मामा? नुसतं पडद्यावर दिसतं. किती वेळा केलाय आपण."

"ते आहेच म्हणा," मामा म्हणाला. खरं तर त्यालाच जास्त घाई होती.

तिचा मुख्य प्रोग्राम स्वतः दाराला हात लावत नसे. प्रत्येक दाराचा वेगळा छोटा प्रोग्राम होता आणि मुख्य प्रोग्राम त्याला कामावर धाडायचा. धाडताना सोबत चार गोष्टी द्याव्या लागत: भाषा कुठली, सराव आहे की खरं काम, वगैरे. तिच्या धंद्यात त्याला एन्व्हायर्नमेंट म्हणतात. मामाला समजावताना ती शिदोरी म्हणायची. काही वेगळं सांगितलं नाही, तर घरात, म्हणजे मुख्य प्रोग्रामकडे, असेल ते सगळं आपोआप बांधून मिळे. नेमकी भाषेची गोष्ट घरातच नव्हती, म्हणून ती प्रश्नचिन्हं. आज तिने ती एक ओळ स्वतःच्या हाताने बांधून दिली होती. कामही एवढंसंच.

तिने मुख्य प्रोग्रामला 'सराव' सांगितलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं उमटली. एकही प्रश्नचिन्ह नाही. "दार उघडत आहे."

"अगं, काय सुरेख!" मामा खुर्चीतून अर्धा उठला. "काना, मात्रा, सगळं जागच्या जागी. गुणाची पोर ती!"

भाची हसली. हसता हसता तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे मोठ्या नळातल्या दाबाचा काटा होता. तो कॉम्प्युटरला जोडलेला नव्हता, थेट नळालाच होता. सरावाबिरावाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. पाणी हललं, तरच तो हलायचा.

काटा खाली सरकत होता.

तिच्या लक्षात आलं. आपण हाताने बांधून दिलं की घरचं काहीच सोबत जात नाही. जेवढं बांधलं तेवढंच जातं. तिने भाषा दिली होती, आणि फक्त भाषाच. सराव आहे हे दाराच्या प्रोग्रामला आज कोणी सांगितलंच नव्हतं. आणि ऐन गरजेला दार अडून बसू नये म्हणून, कोणी काही सांगितलं नाही तर काम खरंच समजायचं, असं तिनेच त्याला शिकवलं होतं.

भयंकर भीती वाटली तिला. काही सांगत बसायला वेळ नव्हता. तिने 'बंद'च्या बटणाकडे झेप घेतली.

मामाने तिचं मनगट धरलं. प्रेमानेच, पण घट्ट.

"थांब गं, बंद काय करतेस लगेच? इतक्या दिवसांनी धड वाचायला मिळतंय." त्याने दुसऱ्या हाताने चष्मा नीट केला, पहिलीतल्या मुलासारखं पडद्यावर बोट ठेवलं आणि हसत हसत, मोठ्याने वाचू लागला.

"टाकीत... पाणी... सोडले... आहे."