कारभारी

टाकीत ब्लिचिंग पावडर टाकून पाणीवाल्या माणिकरावनं घड्याळ पाहिलं. अर्ध्या तासाआधी व्हॉल्व्ह उघडायचा नाही. मागच्या महिन्यात गावाच्या घाईनं दहाच मिनिटांत उघडला, तर त्याचीच नात तीन दिवस सलाईनवर पडली. दहा मिनिटं होतात तोच चर्चचे पास्टर धावत आले. पोरीचं लग्न, मांडवात पाव्हणे, घरात पाण्याचा थेंब नाही. "सोडा पाणी, माणिकभाऊ." "वीस मिनिटं थांबा." "सरपंचाले सांगून तुले घरी बसवतो." "बसवा. पाणी आत्ता नाही सुटत." पास्टरांनी त्याच्या हातातली व्हॉल्व्हची लोखंडी चावी धरून ओढली. त्यानं सोडली नाही. "काहून एवढा माजला? गावाचा कारभारी हायेस का तू?" माणिकराव म्हणाला, "रविवारी तुमीच सांगतलं ना, लहान कामातही देवाचा विश्वासू कारभारी व्हा म्हणून? मी येडा, खरं मानलं." पास्टरांची पकड सुटली. अजून अठरा मिनिटं होती.