सेकंदाचा आठवा भाग

दुकानदाराने दोन मिररलेस कॅमेऱ्यांच्या बॉडी काउंटरच्या काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि स्वतः अर्धं पाऊल मागे सरला. आई आणि मुलगा एकत्र खरेदीला आले की मध्ये तोंड घालायचं नाही, एवढं शहाणपण त्याला धंद्याने दिलं होतं.

उजवीकडची कोरी करकरीत, बरोबर झूम लेन्स. डावीकडची चार वर्षं वापरलेली, कोपऱ्यांवरचा काळा रंग उडून आतला धातू दिसत होता. किंमत जवळजवळ सारखीच. मायलेकांच्या फोटो स्टुडिओची ऐपत एकीचीच होती.

मुलाचं पक्कं ठरलं होतं. नवी घ्यायची, ती त्याने वापरायची, आणि आईने यापुढे स्टुडिओचा काउंटर सांभाळायचा. पासपोर्टचे फोटो काढायचे, तेही स्टँडवर कॅमेरा लावून. दोन वर्षं झाली, तिचा उजवा हात थरथरत होता. डॉक्टरांनी त्या थरथरीला लांबलचक नाव दिलं, गोळ्या दिल्या, पण हात काही ऐकेना. मागच्या महिन्यात एका लग्नात अंगठी घालतानाचे सगळे फोटो हलले, आणि नवरीच्या बापाने भर हॉलमध्ये धारेवर धरलं ते मुलाला, तिला नाही. ते त्याला लागलं होतं, आणि लागण्यासारखंच होतं. पण म्हणून सत्तावीस वर्षं लग्नांचे फोटो काढलेल्या बाईने आता कोपऱ्यात बसून लोकांना हनुवटी वर करायला सांगायचं? तिच्या अंगाची नुसती लाहीलाही होत होती.

मुलगा नवीचे गुण सांगत होता. मेगापिक्सेल जास्त, व्हिडिओ चांगला, लेन्स बरोबरच येते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग दुकानदाराकडे वळून विचारलं, हिच्यात हाताची थरथर सांभाळायची सोय आहे का. दुकानदार जरा घुटमळला. नाही म्हणाला, बॉडीतही नाही आणि या लेन्समध्येही नाही. किंमत कमी ठेवायची तर काहीतरी गाळावं लागतंच. जुनीत मात्र आहे. हात हलला की आतला सेन्सर उलट बाजूला सरकतो, मग लेन्स कुठलीही लावा.

"कुठलीही?" तिने पर्स उघडली. रुमालाच्या घडीतून तिची पस्तीस एमएमची लेन्स बाहेर आली. तिच्या आधीच्या कॅमेऱ्याने मान टाकली होती, लेन्स ठणठणीत होती. दुकानदाराने खालच्या खणातून ती या बॉडीवर बसवायचा अडॅप्टर काढला. वेगळ्या लेन्सचा खर्च वाचत होता.

मुलगा हसला. सेन्सर सरकतो वगैरे जाहिरातीत ठीक आहे म्हणाला, पण तुझा हात काय थोडाथोडका हलतो का. दुकानदार उगाचच काच पुसायला लागला.

"करून बघू," ती म्हणाली.

तिने दोन ट्यूबलाइट बंद करायला लावल्या. लग्नाच्या हॉलमध्ये उजेड एवढाच असतो. मुलाला समोरच्या मांडणीपाशी उभं केलं, आधी नवी उचलली आणि शटर सेकंदाच्या आठव्या भागावर ठेवलं, म्हणजे जरासं हललं तरी फोटोत दिसणार. फोटो आला तो तिने स्वतःच पुढे धरला. मांडणीवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या, बॅगा, मुलगा, सगळंच्या सगळं दुहेरी झालं होतं.

"बघितलंस ना, आई?" तो हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. रागाला तिने उत्तर दिलं असतं. कीव ऐकून मात्र तिचे कान तापले.

तिने जुनी बॉडी ओढून घेतली. लेन्स बसवताना खाच दोनदा हुकली. मदतीला दुकानदाराचा हात पुढे आला, पण तिने असं पाहिलं की तो आल्या वाटेने परत गेला. तिसऱ्यांदा लेन्स बसली. शटर तिने पहिल्याइतकंच ठेवलं, त्यात एका आकड्याचाही फरक केला नाही.

"तिथेच उभा राहा."

तो हाताची घडी घालून उभा राहिला, पण तोंड थांबेना. रविवारच्या लग्नाची माणसं मोठी आहेत, पुन्हा तसं झालं तर दारात कुणी उभं करणार नाही, लोक तुला काही बोलत नाहीत, मला बोलतात. माझं ऐक, आई, नको. खरंच नको. तिने कोपर बरगडीशी घट्ट धरलं, अर्धा श्वास सोडला आणि बटण दाबलं.

दुकानदाराने फोटो मोठा करून पाहिला आणि कॅमेरा मुलाच्या हातात दिला. मागच्या मांडणीवरची चिठ्ठीन् चिठ्ठी वाचता येत होती. बॅगेच्या चेनचे दात मोजून घ्यावेत. मुलाच्या घडी घातलेल्या हातांवरचा केस न् केस स्पष्ट होता. कॉलरच्या वर मात्र चेहरा असा नव्हताच. दोन नाकं होती, आणि 'नको, नको' म्हणत डावी-उजवीकडे फिरलेल्या डोळ्यांचा एक पुसट पट्टा.

मुलाने फोटो मोठा केला, लहान केला, कोपरे तपासले. नावं ठेवायला काहीतरी सापडेल म्हणून बराच वेळ शोधलं.

तिने त्याच्या हातातून कॅमेरा काढून घेतला आणि दुकानदाराला म्हणाली, "हाच द्या." मग पट्टा गळ्यात अडकवत मुलाकडे वळली.

"रविवारी मी जाते. काउंटर तू सांभाळ. फार हलतोस तू."