पाचावरचा पंखा

"ह्यांना पांघरूण घालू नका हं, सिस्टर. ह्यांना उकडतं," स्ट्रेचरबरोबर ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत आलेल्या आजींनी बजावलं. "आमच्याकडे बारा महिने पंखा पाचावर असतो."

स्ट्रेचरवरच्या आजोबांनी निमूट मान हलवली. जन्मभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. आज त्यांचं पित्ताशय काढायचं होतं. सिस्टरने त्यांचा हात धरला. तो गार पडला होता आणि थरथरत होता.

"घाबरलेत," आजी म्हणाल्या. "आत पंखा असेल तर लावा."

दार बंद झालं. सिस्टरने अंगाचं तापमान मोजलं. पस्तीस पूर्णांक सहा अंश सेल्सिअस.

"छत्तीसच्या वर गेल्याशिवाय मी भूल देणार नाही," भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी जाहीर केलं. "भूल दिली की शरीर स्वतःला ऊब द्यायचं विसरतं. मग रक्त लवकर थांबत नाही, जखम चिघळते. आणि ह्यांच्या अंगावर मांस कुठे आहे?"

सर्जननी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. डॉक्टरबाईंनी सर्जनकडे बघितलं. सर्जन मुकाट्याने चहा प्यायला गेले.

सिस्टरने आजोबांवर कागदासारखं पातळ पांघरूण पसरलं, त्याला नळी जोडली आणि यंत्र सुरू केलं. गरम हवा भरून पांघरूण टम्म फुगलं. आजोबांनी डोळे मिटले. हळूहळू त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. हाताची थरथर थांबली.

"उकडलं तर सांगा, आजोबा."

"खबरदार बंद केलंत तर!" आजोबा कडाडले. मग दाराकडे बघून त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "बाहेर बोलू नका. एकेचाळीस वर्षं कुडकुडतोय मी. लग्न होऊन ही घरात आली, त्या दिवसापासून पंखा पाचावर. हिला उकडतं ना! नवी नवरी, तिला काय सांगणार? पुढे मग सांगायचं राहूनच गेलं."

अर्ध्या तासाने सर्जन परत आले, तेव्हा आकडा छत्तीस पूर्णांक आठवर होता आणि आजोबा लहान मुलासारखे म्हणत होते, "अजून पाच मिनिटं."

ऑपरेशन निर्विघ्न पार पडलं. संपेपर्यंत गरम हवा चालूच होती. आकडा जागचा हलला नाही.

सिस्टर बाहेर आली. आजी हात काखेत घालून बाकावर बसल्या होत्या. ऑपरेशन छान झालं हे ऐकून त्यांनी डोळे पुसले. पण सिस्टरच्या पोटात गोष्ट राहीना.

"आजी, आता घरी पंखा बंद ठेवा. आजोबांना थंडी वाजते. तुम्हाला उकडतं म्हणून ते आजवर गप्प होते."

"मला उकडतं?" आजी उभ्याच राहिल्या. "अहो, मी गाऊनच्या आतून दोन-दोन स्वेटर घालून झोपते! ह्यांना कळू नये म्हणून आतून!"

"मग पंखा लावतं कोण?"

"कधी मी ह्यांच्यासाठी लावते, कधी हे लावतात."

"पण पहिल्यांदा कोणी लावला होता?"

आजी आठवू लागल्या. आठवता आठवता पुन्हा बाकावर टेकल्या.

"सासूबाईंनी. तेव्हा त्या आमच्याच खोलीत झोपायच्या," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना जाऊन सत्तावीस वर्षं झाली."