तिघांपुरतं सूप

"बाबा, हे काय हो परत?"

सुनेनं पर्स खुर्चीवर आपटली. गॅसच्या दोन्ही बर्नरवर पसरून तो अजस्र टोप चढला होता. ओट्यावर गाजर, कोबी आणि कांद्यांचा डोंगर, आणि त्या डोंगरामागे सासरे. चहा टाकायलासुद्धा जागा नव्हती.

"अगं, थोडंसंच करतोय," सासरे म्हणाले.

थोडंसं! सासऱ्यांचं थोडंसं म्हणजे चाळीस जणांचं. उभा जन्म त्यांनी मुलांच्या होस्टेलच्या मेसमध्ये आचारी म्हणून काढला. हाताला मापच ते बसलेलं. मेस सुटली आणि मुलाकडे राहायला आले, तेव्हा कपडे एका पिशवीत कोंबले होते. टोप मात्र पोत्यात नीट गुंडाळून आणला होता. तेव्हा सगळ्यांनी काय कौतुक केलं! टोप घासायची वेळ त्यांच्यावर येणार नव्हती ना.

एवढं सूप प्यायचं कोणी? म्हणून रोज संध्याकाळी सासरे डबे भरायचे आणि सून जिने चढायची, उतरायची. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई, समोरचे पेन्शनर, तळमजल्यावरचा शिंपी. कुणी घरापुढून नुसतं गेलं तरी त्याच्या हातात वाटी. सुरुवातीला शेजारी खूश होते. मग दार उघडताना त्यांचे चेहरे पडायला लागले. परवा पेन्शनरांनी टीव्ही बंद केला आणि घरात कुणी नसल्यासारखे गप्प बसून राहिले. काल शिक्षिकाबाई पोट बिघडलंय म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या तोंडात घास होता. डबा परत घेऊन जिना उतरताना सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती घरी परतायची तोवर नवरा आणि मुलगी जेवून उठलेली असायची. मग टोपाच्या तळाशी गार झालेलं सूप ती ओट्याशी उभ्यानंच संपवायची आणि टोप घासायला घ्यायची. साऱ्या बिल्डिंगला पुरून उरेल एवढं सूप, आणि आपल्याला त्यातली एक वाटी गरम गरम, खुर्चीवर बसून मिळू नये? हे तिला रोज टोचायचं. रोज ती गप्प बसायची. सासरे मायाळू होते, हीच तर पंचाईत होती. खाष्ट असते तर कधीच भांडून मोकळी झाली असती.

आज मात्र दिवसभर पोस्टाच्या खिडकीवर बसून लोकांची बोलणी खाल्ली होती. तिनं गॅस बंद केला. टोपातलं पाणी कोमटच होतं, ते भडाभडा मोरीत ओतलं. कपाटातून लहान पातेलं काढलं आणि सासऱ्यांसमोर ठेवलं.

"तिघांपुरतं करा. चाळीस नाही, तीन! हे घर आहे बाबा, मेस नाही."

आवाज ऐकून नवरा दाराशी आला. दोघांचे चेहरे पाहून त्यानं काढता पाय घेतला.

"तीन?" सासऱ्यांनी विचारलं.

"तीन."

"आणि कुणी आलं-गेलं तर?"

"आल्या-गेल्यानं आपापल्या घरी जेवावं."

बोलल्यावर तिला वाईट वाटलं. पण शब्द मागे घ्यायला जीभ वळेना. ती बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. आतून सुरीचा आवाज येत होता, अगदी सावकाश. एरवी मुठीनं मीठ टाकणारा माणूस आज चिमूट घेत होता, त्यातलं थोडं परत डब्यात टाकत होता. तिला बसल्या जागेवरून दिसत होतं. बघवत नव्हतं, आणि राग तर जाता जात नव्हता.

बऱ्याच वेळानं हाक आली. टेबलावर तीन वाट्या होत्या, काठोकाठ भरलेल्या. पातेलं रिकामं, तळ लख्ख.

"जमलं बघ," सासरे म्हणाले. पहिल्यांदाच पास झालेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा फुलला होता.

नवऱ्यानं एक वाटी ओढली. मुलगी दुसरीवर फुंकर घालायला लागली. मिऱ्यांचा वास घरभर पसरला होता. सून सवयीनं ओट्याशी उभी होती. तिसरी वाटी तशीच वाफाळत होती. तिनं पुढे होऊन ती सासऱ्यांच्या खुर्चीसमोर सरकवली.

"बसा बाबा. गार होईल."

"मी कुठला बसतोय? ती तुझी आहे."

"माझी कशी? तिघांपुरतंच केलंत ना?"

"हो, तिघांपुरतंच. हा, छकुली आणि तू." सासऱ्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. "आचाऱ्याला कुणी मोजत नाही. मेसमध्ये सगळे जेवून उठले की उरलंसुरलं आमचं. न उरलं तर पाणी प्यायचं नि झोपायचं."

सुनेचा पारा पुन्हा चढला. "काहीतरीच काय बोलता! तुम्हाला वगळून मोजेन का मी? तीन म्हणजे हे, छकुली आणि तुम्ही!"

सासऱ्यांनी पुन्हा तीन बोटं मोजली. मग त्यांनी हातातला डाव खाली ठेवला आणि ती वाटी उचलून पुन्हा तिच्यासमोर धरली.

"आणि तू गं पोरी, तू कुठल्या मेसमध्ये होतीस?"